यादीतली माणसं

(दृश्य: खिडकीतून येणारं सकाळचं ऊन. टेबलावर जुन्या कागदांचा गठ्ठा.)

चिचिकोव्ह नावाचा एक गृहस्थ सकाळी उठतो, खुशीत खोलीभर नाचतो आणि मग टेबलाशी बसून खरेदीखतं लिहायला घेतो. कारकुनाला पैसे द्यायला नकोत, म्हणून सगळं स्वतःच्या हातानं. त्यानं विकत घेतलीत ती माणसं, आणि ती सगळी मेलेली आहेत.

निकोलाय गोगोलच्या ‘मृत आत्मे’ या १८४२ सालच्या कादंबरीतला हा प्रसंग. रशियात तेव्हा भूदासांची, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांची, मोजणी बऱ्याच वर्षांतून एकदा व्हायची. मधल्या काळात कुणी मेलं, तरी पुढच्या मोजणीपर्यंत ते कागदावर जिवंत राही आणि जमीनदाराला त्याचा कर भरावा लागे. चिचिकोव्ह हे मेलेले जीव स्वस्तात गोळा करतो, कारण कागदावरच्या जिवंत माणसांवर कर्ज काढता येतं.

पहिल्यांदा वाचताना मला ही लेखकाची अफाट कल्पना वाटली होती. दुसऱ्यांदा वाचताना कळलं, की गोगोलनं नियमात काही वाढवलेलंच नाही. नियम होता तसा ठेवला आणि तो एका हिशेबी माणसाच्या हाती दिला.

उपहासाच्या कादंबऱ्या मी इतकी वर्षं वाचतोय, त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. उपहास म्हणजे अतिशयोक्ती, असं आपल्याला शिकवतात. मला ते पटत नाही. टिकलेला उपहास बहुतेक वेळा एका साध्या कागदावर उभा असतो. एखादी नोंद, एखादं कलम, एखादा अर्ज. व्यवस्थेनं लिहून ठेवलेलं वाक्य लेखक शब्दशः खरं मानतो आणि आपल्याला हाताला धरून त्या वाक्याच्या शेवटापर्यंत नेतो.

(दृश्य: हातानं लिहिलेले आकडे, बेरजा.)

जोनाथन स्विफ्टनं हे १७२९ मध्ये करून दाखवलं. आयर्लंडमधल्या उपासमारीवर त्यानं एक ‘नम्र प्रस्ताव’ लिहिला. गरिबांची एक लाख वीस हजार मुलं. त्यांतली वीस हजार पुढच्या पैदाशीसाठी राखायची आणि उरलेली एक लाख वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटासाठी विकायची. मला या लेखनात सर्वांत भयंकर वाटते ती त्याची वजाबाकी. ती बरोबर आहे. आवाज कुठंही चढत नाही, लिहिणारा माणूस सभ्य आहे आणि त्याला देशाचं भलं करायचंय. त्याच्याच ‘गलिव्हर’पेक्षा मला ही थोडीशी पानं मोठी वाटतात.

मग रशियातच, १९२८ मध्ये, युरी तिन्यानोव्हची ‘लेफ्टनंट किझे’ ही कथा आली. हुकूम लिहिताना लेखनिकाच्या हातून चूक होते आणि जन्मालाच न आलेला एक अधिकारी कागदावर तयार होतो. त्याला शिक्षा होते. पहारेकरी दोघांच्या मधली रिकामी जागा सांभाळत सैबेरियाची वाट चालतात. पुढं त्याला माफी मिळते, बढती मिळते, त्याचं लग्न होतं, तो सेनापती होतो आणि इतमामात त्याचा अंत्यविधीही होतो. लोक हा भाग रंगवून सांगतात. मला मात्र त्याच कथेतला दुसरा माणूस सोडत नाही. त्याच लेखनिकाच्या हातून एका जिवंत लेफ्टनंटची मृत म्हणून नोंद झालेली असते. तो रांगेत उभा राहून स्वतःच्या मृत्यूचा हुकूम ऐकतो, आणि त्याला त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. आज्ञाधारक माणसाच्या मनात काय होत असेल, हे इतक्या थोड्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

जोसेफ हेलरच्या १९६१ च्या ‘कॅच-ट्वेंटीटू’मध्ये हेच पुन्हा भेटतं. हेलर स्वतः दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर होता. साठ मोहिमा केलेला माणूस. त्याच्या कादंबरीतल्या डॉक्टर डनीकाचं नाव एका विमानाच्या प्रवासी नोंदीत नुसतं लिहिलेलं असतं. विमान कोसळतं, आणि जमिनीवर समोर उभा असलेला डॉक्टर मृत ठरतो. घरी बायकोला छापील सांत्वनपत्र जातं: तुमचा पती, मुलगा, वडील किंवा भाऊ मारला गेला, जखमी झाला किंवा बेपत्ता झाला. जे लागू असेल ते घ्यायचं. विम्याचे पैसे मिळाल्यावर ती मुलांना घेऊन निघून जाते, नवा पत्ता न ठेवता. इथपर्यंत मी हसत असतो. पत्त्यापाशी थांबतो.

(दृश्य: भिंतीवर पांढऱ्या रंगातली अक्षरं, काही पुसट.)

शेतावरचे प्राणी मालकाला हाकलून स्वतःचं राज्य आणतात, त्या जॉर्ज ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. प्रत्येक प्राण्यामागचा खरा माणूस ओळखला की पुस्तक संपलं, असं त्याचं झालंय, आणि शाळांमध्ये ते तसंच शिकवतात. पण भिंतीवरचे नियम रात्रीतून बदलतात, तेव्हा क्लोव्हर ही वयस्क घोडी ते वाचून घ्यायला शेळीला बोलावते. तिला स्वतःला नीट वाचता येत नाही. नियम असा नव्हता, हे तिला आठवतंय. भिंत मात्र दुसरंच सांगते, आणि ती भिंतीवर विश्वास ठेवते. माझ्यासाठी सगळी कादंबरी त्या घोडीच्या गप्प राहण्यात आहे.

आता अलीकडचं. आजच्या बऱ्याच उपहासात्मक कादंबऱ्या मला कमी पडतात. त्यांना नेता सापडतो, त्याचे केस, त्याची बोली सापडते; ज्या कागदावर तो उभा आहे तो सापडत नाही. नेता गेला की पुस्तकही जातं. पॉल बीटीच्या ‘द सेलआउट’ला २०१६ चं बुकर मिळालं, हा मान मिळवणारा तो पहिला अमेरिकी लेखक. त्याची बुद्धी लखलखीत आहे, पण विनोदांची इतकी दाटी, की पात्राजवळ क्षणभर बसावं म्हटलं तर जागा मिळत नाही.

मोहम्मद हनीफ यांची ‘अ केस ऑफ एक्स्प्लोडिंग मँगोज’ मात्र मी मित्रांना हातात देतो. १७ ऑगस्ट १९८८ ला पाकिस्तानचे लष्करशहा झिया उल हक विमान कोसळून गेले, त्याभोवतीची ही २००८ ची कादंबरी. लेखक स्वतः पाकिस्तानच्या हवाई दलात प्रशिक्षण घेतलेला. कटकारस्थानांची धमाल पुष्कळ आहे. पुस्तकाचा कणा मात्र आंधळी झैनब. तिच्यावर बलात्कार झालाय, कायद्याला साक्षीदार हवेत, ती कुणाला ओळखू शकत नाही, म्हणून व्यभिचाराच्या गुन्ह्याखाली तीच तुरुंगात. पुन्हा एक कलम, शब्दशः वाचलेलं. इंग्रजीत हे पुस्तक वर्षानुवर्षं विकलं गेलं. उर्दू अनुवाद आला, आणि जानेवारी २०२० मध्ये कराचीतल्या प्रकाशकाच्या कार्यालयातून त्याच्या प्रती उचलून नेण्यात आल्या. लोकांच्या भाषेत आल्यावर पुस्तकाचं वजन किती बदलतं, याचा याहून मोठा पुरावा मला नको.

श्रीलाल शुक्ल यांच्या १९६८ च्या ‘राग दरबारी’तला लंगड मला याच झैनबचा भाऊबंद वाटतो. त्याला तहसील कचेरीतून एका कागदाची नक्कल हवी आहे, लाच न देता. एवढंच. शुक्ल सरकारी सेवेत होते, म्हणून कचेरीचा एकेक टप्पा त्यांनी खोटं न बोलता लिहिलाय. लंगडला कुणी मारत नाही, हाकलत नाही. सगळे त्याच्याशी बोलतात, आणि तो पुन्हा येतो.

(दृश्य: पुन्हा तोच कागदांचा गठ्ठा. एक बोट ओळींवरून सरकतंय.)

त्या सकाळी चिचिकोव्ह मेलेल्यांची यादी वाचायला लागतो आणि त्याचं त्यालाच कळत नाही इतका गुंततो. हा सुतार, हा चांभार. बाबांनो, तुम्ही कसे जगलात, कसे मेलात? पानंच्या पानं तो त्यांच्याशी बोलतो. ठगाच्या तोंडून गोगोलनं या माणसांना आयुष्यं परत दिली.

मग मध्येच त्याची नजर एका नावावर अडकते. एलिझावेता व्होरोबेई. बाई आहे. विकणाऱ्यानं तिचं नाव पुरुषासारखं दिसेल असं लिहून फसवलेलं. कराच्या मोजणीत बायका धरत नसत. चिचिकोव्ह चिडतो, आणि तिथल्या तिथं तिच्या नावावर काट मारतो.