सिनेमातल्या जागा

(वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मागच्या पावसाळ्यात आमच्या चित्रपट मंडळात आम्ही 'कोर्ट' पुन्हा एकदा दाखवला. चैतन्य ताम्हाणे यांचा हा सिनेमा २०१५ साली आपल्याकडे प्रदर्शित झाला होता. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला भरलाय. त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. तारखांवर तारखा पडत जातात आणि शेवटी उन्हाळी सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे मालवतात आणि पडदा काळा होतो. तो काळोख बराच वेळ राहतो.

आमच्या सभागृहात त्या काळोखात खुर्च्या सरकल्या. तिघं-चौघं उठले. एकानं चपला शोधायला मोबाइलचा दिवा लावला. मागून कुणीतरी म्हणालं, 'झाला वाटतं.' आणि तेवढ्यात पडद्यावर लख्ख दिवस उजाडला. न्यायाधीश महाशय आपल्या मंडळींबरोबर रिसॉर्टवर सहलीला आलेले. उठलेल्यांपैकी एक जण दाराशीच थबकला आणि शेवटपर्यंत दाराला टेकून उभा राहिला. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक सभासद मात्र तोवर स्कूटर सुरू करून निघूनही गेले होते.

सिनेमा सुटल्यावर आम्ही अर्धा-पाऊण तास बसतो. चहा होतो आणि ज्याला जे वाटलं ते तो बोलतो. त्या दिवशीची पहिली तीन मतं सांगतो. 'चांगलाय, पण स्लो आहे.' 'शेवट काय कळला नाही.' 'नॅशनल अवॉर्ड मिळालंय म्हणजे काहीतरी असणारच.' ही मतं चुकीची आहेत असं मी म्हणत नाही. जे मनात आलं ते माणसांनी सरळ सांगितलं. पण या तिन्ही वाक्यांत 'कोर्ट' कुठे आहे? यातलं कुठलंही वाक्य उचलून दुसऱ्या शंभर सिनेमांना चिकटवा, तंतोतंत बसेल. दोन तास ज्याच्यासमोर बसलो त्यातला एक कणसुद्धा त्यांत आलेला नाही.

मग आमच्याकडचे एक जुने बेलिफ बोलले. आयुष्य तालुक्याच्या कोर्टात गेलेलं. सहसा ते बोलत नाहीत. ते म्हणाले, 'जज साहेब टायपिस्टला सांगतात ना, ते बघा. समोरचा बोलतो एक, आणि साहेब इंग्रजीत त्याचं दोन ओळींत करून लिहायला सांगतात. मी तीस वर्षं ते ऐकलंय. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचो मी. आपण बोललो ते तेवढंच होतं का, असं असायचं त्याच्या तोंडावर.'

त्यानंतर चहा थंड झाला तरी कुणी उठेना.

बेलिफांनी सिनेमा चांगला की वाईट ते सांगितलंच नाही. त्यांनी एक जागा दाखवली.

'जागा' हा शब्द मी गाण्यातून घेतोय. आपल्याकडे नाट्यसंगीताचे, अभंगांचे, शास्त्रीय गाण्याचे श्रोते तो रोज वापरतात. 'काय जागा घेतली!' असं आपण म्हणतो तेव्हा गायकाचं सरसकट कौतुक करत नसतो. त्या ओळीत, त्या अक्षरावर, तिथून तिथे जाताना त्यानं जे केलं, त्याला ती दाद असते. ज्याला राग ओळखता येत नाही त्यालाही जागा कळते. आमच्या गावात भजनाला बसणारी शेतकरी मंडळी आहेत, त्यांना स्वरांची नावं विचारलीत तर सांगता यायची नाहीत. पण परवाच्या भजनात बुवांनी 'विठ्ठला'तल्या 'ला'वर काय केलं, ते हाताने हवेत काढून दाखवतील. गाण्याच्या बाबतीत हे सगळं आपल्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. सिनेमा आपण गाण्यापेक्षा जास्त पाहतो, त्याच्याविषयी जास्त बोलतो आणि तरी त्याच्या जागा सांगायची सवय आपल्याला लागलेली नाही. हे मला मनापासून खुपतं, आणि आज इथे येण्याचं कारणही तेच आहे.

ही सवय लावायचा प्रयत्न आपल्या देशात झाला आहे, आणि तो लहान नव्हता. १९४७ साली, स्वातंत्र्य मिळून दोन महिने होत नाहीत तोच, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. रायांचा पहिला सिनेमा यायला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता. म्हणजे आधी प्रेक्षक म्हणून एकत्र बसणं आणि बोलणं, सिनेमा काढणं नंतर. १९५९ मध्ये देशभरातल्या अशा मंडळांचा महासंघ झाला, त्याचे पहिले अध्यक्षही रायच. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. सुधीर नांदगावकरांसारख्या माणसांनी ही चळवळ मराठी प्रेक्षकापर्यंत आणण्यात उमेदीची वर्षं घातली. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होतं. तिथे पी. के. नायर यांनी जुन्या फिल्मचे डबे अक्षरशः पोटच्या पोरासारखे सांभाळले. तिथून सोळा मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवरच्या प्रिंट गावोगावच्या मंडळांना मिळत. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादुर रसास्वाद शिकवत. एकच सिनेमा घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे आणि तेच तेच पुन्हा बघायचं, अशी त्यांची रीत. ती जागाच दाखवण्याची रीत होती.

सोळा मिलिमीटरच्या दिवसांतली एक गोष्ट मला फार आठवते. प्रोजेक्टर एकच असायचा, त्यामुळे रीळ संपलं की थांबावं लागे. दिवे लागायचे, ऑपरेटर दुसरं रीळ चढवायचा आणि ती तीन-चार मिनिटं सभागृहात नुसती कुजबुज. 'तो बाहेर का गेला?' 'तिनं पत्र वाचलंच नाही ना?' सिनेमा अजून संपलेला नाही, मत बनवायला सवड नाही, त्यामुळे माणसं फक्त जे पाहिलं तेच बोलायची. मी ऐकलेल्या उत्तम चित्रपटचर्चा रीळ बदलताना झालेल्या आहेत.

आता रीळ नाही. सिनेमा सुटायच्या आधीच पाचपैकी साडेतीन तारे ठरलेले असतात आणि पहिल्या दिवशी किती कोटी जमले हे आपल्याला निर्मात्याच्याही आधी कळतं. त्यावर मी जास्त बोलणार नाही. तो हिशेब ज्याचा त्याला लखलाभ.

पण 'स्लो' या शब्दावर थोडं थांबतो, कारण तो आपल्या सगळ्यांच्या तोंडात असतो. आमच्याकडे इंजिनिअरिंगचा एक मुलगा येतो, हुशार आहे. 'कोर्ट'नंतर तो म्हणाला, 'स्लो आहे.' मी विचारलं, कुठे? त्यानं जरा विचार केला. म्हणाला, 'कोर्टातले सीन. कॅमेरा हलतच नाही, लांब एका जागी उभा. मला सारखं वाटत होतं, जवळ जा ना, तोंड तरी दाखव.' बघा, एका 'कुठे'ने तो कुठल्या कुठे पोचला! त्याच्या लक्षात कॅमेरा आला, त्याचं अंतर आलं, आपली तगमगही आली. यावर बेलिफच म्हणाले, 'कोर्टात बाकावर बसलेल्याला कुठं जवळ जाता येतं?' मुलगा गप्प झाला, पण पटलं असं म्हणाला नाही. त्याचं म्हणणं असं की बाकावर बसलेल्याला नाही जाता येत हे खरं, पण सिनेमाला येतं, मग सिनेमानं का जाऊ नये? हा प्रश्न अजून आमच्यात मिटलेला नाही. मिटू नये असंच मला वाटतं.

नावडलेल्या सिनेमाचीही जागा सांगता येते, हे मुद्दाम सांगतो. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान इथल्या चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री हा मोठा पुरस्कार मिळाला. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली ही दिग्दर्शिका. मुंबईत नर्स म्हणून राबणाऱ्या दोन मल्याळी बायका आणि त्यांच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, चाळीतलं घर जाऊ घातलेली, रत्नागिरीकडची पार्वती. पार्वतीचं काम छाया कदम यांनी केलंय. तो आम्ही पाहिला तेव्हा दोन तट पडले. सिनेमाच्या उत्तरार्धात कोकणातल्या किनाऱ्यावर बुडालेला एक माणूस सापडतो, प्रभा नावाची नर्स त्याला शुद्धीवर आणते आणि मग त्या माणसाच्या जागी जणू तिचा परदेशी गेलेला नवराच बोलू लागतो. आमच्या एका शिक्षिका म्हणाल्या, 'इथे सिनेमा माझ्या हातून सुटला. तोवर सगळं खरं होतं, इथे मला कुणीतरी गोष्ट सांगतंय असं वाटायला लागलं.' किती नेमकं बोलल्या! मला स्वतःला तो प्रसंग आवडतो. नवऱ्याला जे कधी सांगता आलं नाही ते ती तिथे बोलते, म्हणून आवडतो. तरी त्या बाईंचं मत मी माझ्या मताइतकंच मोलाचं मानतो, कारण सिनेमा नेमका कुठे सुटला ते त्यांना ठाऊक आहे.

त्याच सिनेमात एक राइस कुकर आहे. लाल रंगाचा, जर्मनीहून आलेला. पाठवणाऱ्याचं नाव नाही. नवऱ्यानेच पाठवला असणार. वर्ष-वर्ष त्याचा फोनसुद्धा नाही आणि हा कुकर. रात्री प्रभा स्वयंपाकघरात फरशीवर बसते आणि त्या कुकरला मिठी मारते. बस, एवढंच. त्या दिवशी आमच्याकडे एक आजी आल्या होत्या. त्यांचे यजमान बरीच वर्षं आखातात होते. चर्चेत सगळे भराभर बोलत होते, कान काय, पुरस्कार काय, मुंबईचं चित्रण काय. शेवटी मी त्यांना म्हटलं, आजी, तुम्हाला काय दिसलं? त्या म्हणाल्या, 'आमच्याकडे मिक्सर आला होता. मी तो दोन वर्षं वापरला नाही. खोक्यासकट कपाटावर ठेवला होता. लोकांना वाटायचं जपून ठेवलाय.' आणि पुढे बोलल्या नाहीत.

कुणीही त्यावर काही बोललं नाही. मीही आत्ता बोलत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' दाखवला. जातीमुळे गावातली डुकरं पकडावी लागणाऱ्या कुटुंबातल्या एका शाळकरी मुलाची ती गोष्ट. त्यात डुक्कर पकडण्याचा तो प्रसंग आहे ना, डुक्कर आता हाताला लागणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. आमच्या सभागृहात हशा पिकला. पुढच्या रांगेत वसतिगृहातली आठ-दहा मुलं होती, तीही हसली. त्यातला एक मुलगा हसता हसता एकदम थांबला. मी बाजूलाच बसलो होतो, मला त्याचा चेहरा दिसत होता. सिनेमा सुटला आणि मी बोलायला उभा राहिलो. जात, शाळा, भिंतीवर रंगवलेले महापुरुष, शेवटचा दगड, सगळं सांगितलं. वीस मिनिटं तरी बोललो असेन. मध्ये त्या मुलानं एकदा हात वर केला होता, मी 'थांब हं, एवढं संपवतो' म्हटलं. माझं संपलं तेव्हा मुलांची शेवटची एसटी निघायची वेळ झाली होती. तो गेला. नंतर वसतिगृहात जाऊन शोधलं, पण वर्ष संपलं होतं, मुलं पांगली होती. त्याचं हसू कुठे थांबलं ते मी पाहिलं होतं, का थांबलं ते फक्त त्याला माहीत होतं, आणि ती जागा माझ्या बोलण्याने कायमची गेली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, सिनेमा ज्यानं निवडला त्यानं सगळ्यात शेवटी बोलायचं.

काही जण विचारतात, असं जागा सांगत बसलं तर ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांना गोष्ट कळून जाणार नाही का? रहस्यपटाचा खुनी कुणी सांगू नये, हे मान्य. पण लाल कुकरला मारलेली मिठी तुम्हाला मी आत्ता सांगितली, म्हणून ती पाहायची राहिली असं कुणाला वाटतंय का? उलट घरी गेल्यावर तुम्ही तो सिनेमा शोधणार आहात, हे मला इथून दिसतंय.

तर, ते बँकेतले गृहस्थ. काळोखात उठून गेलेले. दोन आठवड्यांनी मला मंडईत भेटले, हातात मेथीची जुडी. म्हणाले, 'काय हो, तो जज बाकावर झोपलेला असतो आणि पोरं येऊन त्याच्यावर ओरडतात म्हणे? आणि तो एकाच्या थोबाडीत देतो?' त्यांना हे घरच्या कुणाकडून कळलं होतं. मी म्हटलं, हो, आणि पोरं पळाली की परत डोळे मिटतो. ते गप्प राहिले. मग म्हणाले, 'या शनिवारी जरा लवकर येऊ का? शेवटची दहा मिनिटं दाखवाल?'

ते आले. सभागृहात आम्ही दोघंच होतो. शेवटची दहा मिनिटं मी लावली, झोपलेला न्यायाधीश आला, गेला, नावं वर सरकू लागली. ते उठले नाहीत. म्हणाले, 'जरा मागं घ्या. मी उठलो होतो ना, तिथपर्यंत.'

मी मागे घेतलं. दिवे मालवले, पडदा काळा झाला आणि आम्ही दोघं त्या काळोखात बसून राहिलो.