काट्यावरचा पॅकियाओ
(सोलापुरात तालमीतल्या आणि बॉक्सिंगच्या मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मॅनी पॅकियाओचा पहिला जागतिक किताब गेला तो लढतीच्या आधीच, वजनकाट्यावर. सुरुवात तिथूनच करू या, कारण पुढची वीस वर्षं समजायची तर हा काटा आधी समजायला हवा.

फिलिपिन्सचा हा डावखुरा मुलगा जानेवारी १९९५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी व्यावसायिक बॉक्सर झाला. तेव्हा अडचण उलटी होती, वजन कमी पडत होतं. किमान वजनात बसावं म्हणून खिशात जड वस्तू ठेवून काट्यावर चढलो, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. डिसेंबर १९९८ मध्ये थायलंडमध्ये जाऊन त्याने छत्चाय सासाकुलला आठव्या फेरीत झोपवलं आणि डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा फ्लायवेट किताब घेतला. या वजनगटाची मर्यादा ११२ पौंड, म्हणजे ५०.८ किलो. वयाची वीस वर्षं अजून भरायची होती. अंग वाढतच होतं आणि गट तोच राहिला. सप्टेंबर १९९९ मध्ये मेडगोएन सिंगसुरातविरुद्धच्या लढतीआधी काटा ११३ वर थांबला. एक पौंड जास्त, साडेचारशे ग्रॅम. किताब तिथेच गेला. मग रिंगमध्ये तिसऱ्या फेरीत अंगावर ठोसा बसला आणि तो उठलाच नाही. पॅरिसला विनेश फोगाटचे शंभर ग्रॅम आपल्या सगळ्यांच्या जिवाला लागले होते, म्हणून हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता वजन उतरवतात म्हणजे नेमकं काय करतात ते बघा. आपली सोलापुरी चादर भिजवली की उचलवत नाही, पिळली की हलकी होते. पिळल्याने सूत कमी होत नाही, पाणी जातं. शेवटच्या आठवड्यात अंगाचं हेच होतं. आधी भात-भाकरी कमी करतात, कारण स्नायूंमध्ये साठलेल्या एक ग्रॅम साखरेसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साखर संपली की ते पाणीही सुटतं. मग मीठ तोडतात, म्हणजे शेंगा चटणी, लोणचं, पापड बंद. शेवटचे दोन दिवस चोथा नसलेलं हलकं खाणं, म्हणजे आतड्यातलं ओझं कमी. आणि अगदी शेवटी घाम. साठ किलोच्या पोराने तीन किलो असे काढले, तर ते अंगाच्या पाच टक्के झाले.

बिघडतं ते इथेच. रक्तातलं पाणी घटतं, तेवढंच काम करायला हृदय जास्त धडधडतं, आणि काही वेळाने घाम यायचाच बंद होतो. घाम बंद म्हणजे अंग थंड व्हायची वाट बंद. मे महिन्यातल्या सोलापुरात, पारा बेचाळीसला असताना, प्लॅस्टिकचा सूट घालून पळणं हा निव्वळ आत्मघात आहे. लघवीच्या गोळ्यांचं नाव काढू नका. फ्युरोसेमाइड आणि त्या जातीची सगळी औषधं उत्तेजकविरोधी यादीत बंद आहेत. वजन एक वेळ बसेल, पण चाचणीत सापडाल. शिवाय व्यावसायिकांचं वजन आदल्या दिवशी होतं, त्यांना पाणी भरून काढायला चोवीस तास मिळतात. हौशी बॉक्सिंगमध्ये ते लढतीच्याच दिवशी सकाळी होतं. आजकाल मॅटवरच्या कुस्तीतही तसंच आहे. टीव्हीवर पाहून त्यांची नक्कल केली तर पिळलेली चादरच रिंगमध्ये उतरेल. गेलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी परत जावं लागतं, तेही ओआरएससारखं मीठ-साखर असलेलं आणि थोडं थोडं. एकदम तांब्या रिकामा केला तर बरंचसं लघवीवाटे जातं आणि उरलेलं पोटात डुचमळतं.

पॅकियाओने १९९९ नंतर काय केलं? ११५ आणि ११८ हे दोन गट सोडून तो सरळ १२२ पौंडांना, म्हणजे ५५.३ किलोला गेला. त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा निर्णय हाच. जून २००१ मध्ये लास वेगासला, जेमतेम दोन आठवड्यांच्या तयारीवर, त्याने दक्षिण आफ्रिकेच्या लेहलो लेडवाबाला सहाव्या फेरीत हरवून आयबीएफ या दुसऱ्या जागतिक संघटनेचा किताब घेतला. कोपऱ्यात नवे वस्ताद होते, फ्रेडी रोच.

पुढे गट चढत गेले. २००३ मध्ये १२६ ला मार्को अँतोनिओ बरेरा, मार्च २००८ मध्ये १३० ला हुआन मॅन्युएल मार्केझ, त्याच जूनमध्ये १३५ ला डेव्हिड डियाझ. मग ६ डिसेंबर २००८, ऑस्कर दे ला होया. गट १४७ चा. वजनाच्या वेळी दे ला होया १४५, पॅकियाओ १४२. सगळे म्हणाले, थोरला धाकट्याला चिरडणार. पण लढतीच्या रात्री पुन्हा तोलले तेव्हा दे ला होया १४७ आणि पॅकियाओ १४८.५ भरला. दे ला होयाने पिळून काढलं होतं, त्याच्या अंगात पाणी परतलंच नाही. आठव्या फेरीनंतर दे ला होया स्टुलावरून उठला नाही.

आठ गटांत विजेता हे बिरुद त्याला लावतात. ते खरं आहे, पण पट्टे नीट मोजावेत. १२६ पौंडांत बरेराला हरवून मिळाली ती ‘द रिंग’ मासिकाची मान्यता. १४० ला रिकी हॅटनकडून घेतला तो त्याच मासिकाचा आणि आयबीओ या लहान संघटनेचा पट्टा. चार मोठ्या संघटनांचे (डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ) म्हणावेत असे गट सहा. मिगेल कोटोशी १४५ वर आणि अँतोनिओ मार्गारितोशी १५० वर लढत झाली ती ठरवून घेतलेल्या वजनावर. मार्गारितोची लढत १५४ च्या किताबासाठी होती, आणि तिच्यासाठी पॅकियाओ काट्यावर जेमतेम १४४.६ भरला होता. हा गट त्याने अंग वाढवून जिंकला असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. १४५ पौंडांच्या पायांच्या चपळाईवर जिंकला.

हे पाय कसे चालतात? डावखुरा उजवं पाऊल पुढे ठेवतो, समोरचा उजवखुरा डावं. दोन पुढची पावलं एकमेकांवर येतात. पॅकियाओ आपलं पाऊल समोरच्याच्या पावलाच्या बाहेर टाकायचा. मग त्याचा सरळ डावा हात समोरच्याच्या गार्डच्या, म्हणजे आडोशाला धरलेल्या हातांच्या, मधून नाकावर जायचा आणि समोरच्याचा उजवा त्याच्या डोक्याबाहेरून जायचा. २००५ मध्ये एरिक मोरालेसकडून हरेपर्यंत हा डावा हात जवळजवळ एकटाच काम करत होता. त्यानंतर रोच यांनी उजव्या हुकवर, म्हणजे बाजूने वळवून मारायच्या ठोशावर, मेहनत घेतली आणि पुढच्या दोन लढतींत मोरालेस दोनदा मुदतीआधी पडला.

या चालीतला धोका मार्केझने ओळखला. पॅकियाओ आत उडी घेतो तेव्हा डोकं सरळ रेषेत पुढे येतं आणि पाय जमिनीवर टेकलेले नसतात. नेमक्या त्या क्षणी सरळ उजवा सोडायचा. मे २००४ मध्ये पहिल्याच फेरीत तीनदा पडूनही मार्केझने हेच करत लढत बरोबरीत आणली. त्यात पंचांचीही एक गंमत आहे. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ आणि प्रत्येक पडण्यामागे आणखी एक गुण कमी, म्हणून तीनदा पाडलेली फेरी १०-६ अशी लिहायला हवी. एका पंचाने १०-७ लिहिली आणि नंतर चूक कबूल केली. तो एक गुण योग्य लिहिला असता तर निकाल पॅकियाओचा होता. डिसेंबर २०१२ मध्ये, चौथ्या लढतीत, सहाव्या फेरीचा शेवटचा सेकंद उरला असताना पॅकियाओ जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकत आत गेला आणि तोच उजवा त्याला मिळाला. तो तोंडावर पडला.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरकडून तो गुणांवर हरला, ती लढत फार रंगलीच नाही. जुलै २०१९ मध्ये मात्र बघण्यासारखं होतं. वय ४०, समोर अपराजित कीथ थर्मन, दहा वर्षांनी लहान. १४७ चा गट, आणि या वयात पॅकियाओला वजनासाठी काही पिळून काढावं लागत नव्हतं. पहिल्याच फेरीत त्याने थर्मनला खाली बसवलं. दहाव्या फेरीत डावा हात बरगड्यांखाली घुसला आणि थर्मन वाकून मागे सरकत राहिला. वीस वर्षांपूर्वी थायलंडमध्ये पॅकियाओला खाली घालणारा ठोसाही अंगावरचाच होता. थर्मन शेवटपर्यंत उभा राहिला, तीनपैकी दोन पंचांनी ११५-११२ अशी लढत पॅकियाओला दिली.