ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन : फोकस कुठे थांबवायचा?

१८६३च्या डिसेंबरात मुलीने आणि जावयाने भेट म्हणून दिलेला कॅमेरा ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती आला, तेव्हा त्यांचे वय ४८ होते. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलियाबाई आता इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर या गावी राहत होत्या. त्यांनी कोळशाच्या कोठीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ.

त्या काळी फोटो काढणे हे अंगमेहनतीचे काम होते. काचेवर कलोडियन या द्रव रसायनाचा चिकट थर सारखा पसरवायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर वाळण्याआधी डेव्हलप करायची. यात उशीर झाला तर सगळी खटपट वाया. बोटांवर रसायनाचे काळे डाग पडत, आणि समोर बसलेल्या माणसाला कित्येकदा काही मिनिटे निश्चल राहावे लागे. जानेवारी १८६४मध्ये ॲनी नावाच्या लहान मुलीचे छायाचित्र साधले, आणि ज्युलियाबाईंनी त्याला आपले पहिले यश म्हटले.

छायाचित्रण-वर्तुळातील टीकाकारांना मात्र त्यांची चित्रे अस्पष्ट, ओरखड्यांची, बेफिकीर वाटली. हा आरोप अन्यायाचा होता. भिंग फिरवताना चेहरा सुंदर दिसू लागला की आपण तिथेच थांबतो, अधिक रेखीवपणाच्या मागे लागत नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने १८६५मध्येच त्यांची छायाचित्रे विकत घेतली.

त्यांनी १८६७ साली टिपलेले खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचे छायाचित्र पाहा. पार्श्वभूमी पूर्ण काळी आहे, पांढऱ्या केसांवर उजेड पडला आहे, आणि कपाळावरच्या सुरकुत्यांत त्यांचे वय दिसते आहे. पदके नाहीत, दुर्बीण नाही, पुस्तकांची रास नाही. तरीही हा माणूस आयुष्यभर आकाश न्याहाळत आला आहे, हे पटते. घरातली मोलकरीण मेरी हिलियर हिला मेरीमातेच्या रूपात टिपतानाही ज्युलियाबाईंनी हीच गंभीर निष्ठा बाळगली, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण इथे अधिक दिसते.

१८७५मध्ये त्या पतीसह सिलोनला गेल्या, जिथे कुटुंबाचे कॉफीचे मळे होते. तिथे त्यांनी गावकऱ्यांची आणि मळ्यांतील मजुरांची छायाचित्रे काढली. १८७९मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.