हिरवा काढा, हिरवा घाला

[पडद्यावर: गच्चीत दोरीला टांगलेलं हिरवं कापड. समोर नऊवारी नेसलेली बाई.]

ही पुण्यातल्या एका सोसायटीची गच्ची. पण आमच्या शॉर्ट फिल्ममध्ये ही बाई उभी आहे उजनीच्या काठावर. भीमेवरचं हे धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं. ते आम्ही मे महिन्यात, फोन स्टँडला लावून, शूट करून आणलं. नायिकेला सुट्टी मिळाली ऑगस्टमध्ये, आणि तोवर देऊळ पुन्हा बुडालेलं. म्हणून हे कापड: तिला यासमोर शूट करायचं, मग कॉम्प्युटरवर हिरवा काढून तिथे देऊळ घालायचं.

हिरवंच का? कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल आणि निळ्याच्या एकेका टिपक्यामागे हिरव्याचे दोन असतात. हिरव्याची माहिती सगळ्यात जास्त मिळते, शिवाय माणसाच्या कातडीपासून हा रंग लांबचा. सहज वेगळा काढता येतो.

[पडद्यावर: लॅपटॉपवरची टाइमलाइन.]

दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती उघडली, कापडाचा हिरवा निवडला. कापड गेलं. सोबत नायिकेची मनगटंही गेली. हात कोपरापासून येतोय, मध्येच आरपार शिखर दिसतंय, पुढे पंजा हवेत.

हिरवा चुडा! सेटवर आम्ही पाच जण होतो. बांगड्या भरताना कौतुकाने फोटोसुद्धा काढले होते.

मग रोटो. म्हणजे मनगटाभोवती हाताने मास्क, राखायच्या भागाची सीमा, आखायचा, एक फ्रेम पुढे जायचं, मास्क सरकवायचा, पुन्हा पुढे. शॉट ८ सेकंदांचा, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २०० फ्रेम. त्यात ती केस कानामागे घेते. हात वर गेला की बांगड्या कोपराकडे घसरतात, आणि सगळ्या एकदम नाही, एकेक, आपापल्या लयीत. शूटिंगच्या दिवशी हा अभिनय आम्हाला फार आवडला होता.

[पडद्यावर: केसांची कड, खूप जवळून.]

केसांनी वेगळाच छळ मांडला. फोन व्हिडिओ साठवताना उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची ठेवतो, रंगाची मात्र चार पिक्सेलना मिळून एकच. डोळ्याला ते कळत नाही. कापडाचा रंग वजा करायला गेलं की कळतं: बटांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. शेवटी कड थोडी मऊ केली आणि वाऱ्याला दोष दिला. गालांवर कापडाची हिरवी झाक पडली होती, तीही पुसली. दोन आठवडे आम्ही फक्त हिरवा शोधून मारत होतो.

शॉटमधलं चढतं पाणी ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलं. एका फ्रेमला ७ मिनिटं, २०० फ्रेमना २३ तास २० मिनिटं. इथे एक शहाणपणा मात्र केला होता. थेट व्हिडिओ न काढता प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र साठवलं. १४३ व्या फ्रेमला लाइट गेली, लॅपटॉपही बसला. लाइट आल्यावर १४४ पासून पुढे सुरू. व्हिडिओ काढत असतो, तर पहिल्यापासून.

पाण्याचा आवाज बाथरूममधल्या बादलीचा आहे.

[पडद्यावर: हॉलच्या भिंतीवर प्रोजेक्टर. खुर्च्या, चहाचे कप.]

पहिला खेळ घरातच झाला. एका मित्राचे आजोबा आले होते, जुन्या पळसदेवचे. मनगटांकडे कोणी पाहिलंही नाही, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. आजोबा शेवटपर्यंत गप्प होते. दिवे लागल्यावर म्हणाले, "एवढं निळं पानी कुठलं रं? उजनीचं पानी हिरवं असतंय."

मेमधला मूळ शॉट पुन्हा लावून पाहिला. काठाशी शेवाळाचा जाड पट्टा, पाणी हिरवंगार. आमच्याच फोनने टिपलेलं.

[पडद्यावर: कलर पेज. पाण्याचा निळा हळूहळू बदलतो.]

त्याच रात्री प्रोजेक्ट उघडला. आता फक्त पाणी निवडायचं होतं, बांगड्यांना धक्का न लावता.