घड्याळ जुनं आहे, पण त्याचा कागद कुठेय?

नमस्कार मंडळी, आज घड्याळ नाही, कागद दाखवतोय. हा जुन्या रोलेक्सबरोबर यायचा तो गॅरंटीचा कागद, जवळ आणतो, ही बारीक बारीक भोकं दिसतायत ना, तो सिरीयल नंबर आहे, भोकं पाडून काढलेला, म्हणून याला पंच्ड पेपर म्हणतात. 2006 च्या आसपास प्लास्टिकचं कार्ड आलं आणि हे बंद झालं.

आता एका कागदासाठी लोक एवढे पैसे का मोजतात? कारण पाटेक फिलिप या दुसऱ्या स्विस घड्याळ कंपनीला नंबर कळवला की ते जुन्या नोंदी बघून घड्याळ कधी बनलं, कधी विकलं गेलं याचा उतारा देतात. रोलेक्स असा उतारा देत नाही. म्हणजे हा कागद एकदा हरवला की गेलाच, आणि घड्याळ कुठल्या दुकानातून, कोणत्या तारखेला बाहेर पडलं ते सांगणारं मग कोणीच उरत नाही.

पण कागद बघून लगेच भुलायचं नाही हां. पट्टा काढायचा, 6 च्या बाजूला दोन लग्सच्या, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या टोकांच्या मधे नंबर असतो (2000 नंतरच्या काही वर्षांपर्यंतच्या रोलेक्सचं सांगतोय), तो कागदाशी एकेक आकडा लावून बघायचा. कारण नुसते सुटे कागदही विकले जातात, कोरे सुद्धा, आणि कोऱ्या कागदावर कोणी काय नंबर पाडला ते आपल्याला काय माहीत!

आणि नंबर जुळला तरी? 2021 चा नोव्हेंबर, जिनिव्हात फिलिप्स या लिलाव कंपनीचा लिलाव, ओमेगा स्पीडमास्टर 2915-1, म्हणजे स्पीडमास्टरचं अगदी पहिलं मॉडेल, डायल उन्हानं चॉकलेटी झालेली. अंदाज होता जास्तीत जास्त 1 लाख 20 हजार स्विस फ्रँकचा आणि गेली 31 लाखांच्या वर! सोबत ओमेगाच्याच आर्काइव्हचा, म्हणजे जुन्या नोंदींचा उतारा. आणि 2023 मधे ओमेगानंच सांगितलं की ही वेगवेगळ्या घड्याळांचे पार्ट्स जोडून केलेली आहे आणि त्यात आमचेच माजी कर्मचारी होते. हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण उतारा म्हणजे काय तर वहीतली नोंद, समोरच्या घड्याळातले काटे, डायल, बाहेरची केस (कवच) त्याच दिवसाचे आहेत हे ती नोंद कुठून सांगणार? म्हणून आधी घड्याळ उघडून बघायचं, मग कागद वाचायचा, हाच क्रम.

आपल्याकडे तर जुन्या घड्याळाला कागद असतोच कुठे! डायल नव्यानं रंगवलेली एचएमटी, फेव्हर ल्यूबा, सेइको इथून इतकी बाहेर गेली की जगभरचे शौकीन त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, ऐकून लाज वाटते.

म्हणून घरात आजोबांचं घड्याळ असेल तर आज कपाट उघडा. दुकानाचं बिल, डबी, दुरुस्तीची पावती, काहीही टाकू नका. दुरुस्तीची पावती तर नक्कीच नाही, कारण डायल किंवा काटे बदलले असतील तर बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं, आणि पूर्वीचे कारागीर मागच्या झाकणाच्या आतून सुईनं बारीक खूण, कधी तारीखही कोरून ठेवायचे, ती आणि पावतीवरची तारीख जुळते का बघा. झाकण मात्र घरी उघडू नका, घड्याळवाल्याकडून उघडून घ्या आणि तिथल्या तिथे फोटो काढा.