पाठमोरी रांग

(दृश्य : टेबलावर पसरलेला मोठा कागद. पेन्सिल धरलेला हात.)

कागदावर आत्ता एकच रस्ता आहे. दोन समांतर रेघा. वरच्या रेघेला लागून दुकानांची रांग उभी राहिलीय : पाट्या, छज्जे, खिडक्या, एका दाराशी तीन पायऱ्या. खालच्या रेघेपाशी मात्र चित्रकर्तीचा हात थांबलाय.

खालच्या रांगेतली दुकानं आपल्याकडे पाठ करून बसलीत.

छोट्या गावाच्या मुख्य पेठेचा चित्रनकाशा काढायला घेतला की ही अडचण येतेच. असा नकाशा तिरका पाहिलेला असतो, घार हवेत एका जागी तरंगत खाली बघते तसा. घारीला पलीकडच्या रांगेचे चेहरे दिसतात, अलीकडच्या रांगेची नुसती छपरं आणि मागच्या भिंती. घार रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला नेली, की पहिल्या रांगेवर तोच अन्याय. आणि दुकानदार नकाशा हातात घेऊन आधी काय शोधतो? आपलं दुकान. ते दिसलं तर मग बाकीचं गाव.

(दृश्य : जुने छापील नकाशे, एकामागून एक.)

या पेचातून सुटायचे मार्ग जुने आहेत. कितीतरी जुन्या नकाशांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरं पाठीवर आडवी झोपवलेली दिसतात, पाय रस्त्याकडे. सगळ्यांचे दर्शनी भाग दिसतात, पण एक रांग उलटी येते आणि वाचणाऱ्याला कागद गरागरा फिरवावा लागतो. मला स्वतःला ही पद्धत फार आवडते. पण आजच्या गिऱ्हाइकाला ती चूक वाटते, त्याला काय करणार!

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या लहान लहान गावांचे असे घारीच्या नजरेचे तिरके नकाशे काढणाऱ्यांची एक जमातच होती. त्यातला एक थॅडियस मॉर्टिमर फाउलर. १८४२चा जन्म, अमेरिकन यादवी युद्धात लढलेला. त्याच्या नावावर चारशेहून अधिक गावांची चित्रं आहेत. दोन-तीन हजार फुटांवरून पाहिल्यासारखी ती दिसतात, म्हणून लोकांना वाटतं की हे चित्रकार फुग्यात बसून वर जात असावेत. प्रत्यक्षात सगळं काम पायी चालायचं. आधी रस्त्यांचा सांगाडा तिरक्या कोनात मांडायचा, मग वही घेऊन एकेक रस्ता तुडवायचा, एकेक इमारत उतरवायची. उंची होती ती फक्त डोक्यात. १९२२ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, असंच एका गावाचं काम चालू होतं आणि बर्फाळ रस्त्यावर पाय घसरून तो पडला. त्यातच तो गेला.

पैशाचं गणितही त्या काळी सरळ होतं. छपाईच्या आधीच गावात फिरून प्रतींची मागणी नोंदवून घ्यायची. जास्तीचे पैसे मोजणाऱ्याच्या घराचं किंवा कारखान्याचं मोठं चित्र नकाशाच्या किनारीत, वेगळ्या चौकटीत. म्हणजे ज्याची इमारत नकाशात पाठमोरी आली, त्याला चेहरा विकत घेता येत होता.

(दृश्य : उंच इमारतींच्या नकाशाचा तुकडा, जवळून.)

हर्मान बोलमान हा जर्मन कलाकार मूळचा लाकडावर कोरीवकाम करणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानं शहरांचे असे नकाशे काढायला घेतले. पुढे न्यूयॉर्कचा नकाशा करताना त्याच्या हाताशी जमिनीवरून आणि विमानातून काढलेले हजारो फोटो होते. तरी गगनचुंबी इमारतींच्या मागे रस्ते गडप होत होते. त्यानं रस्तेच रुंद केले. मापाला बट्टा लागला, पण इमारतींची पायथ्याशी असलेली दारं दिसायला लागली.

(दृश्य : पुन्हा टेबल. कागदावर ट्रेसिंग पेपर.)

आपली चित्रकर्तीही तेच करतेय. रस्ता दीडपट रुंद. अलीकडच्या रांगेची उंची थोडी छाटलेली, म्हणजे पलीकडच्या दुकानांचे उंबरठे झाकले जाणार नाहीत. मजले मात्र तेवढेच. प्रमाण चुकलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. खिडकी एक कमी पडली, की हमखास बोलणं ऐकावं लागतं. म्हणून ती खिडक्या मोजते. प्रत्येक मजल्याच्या. फोटो असतात, पण खालून काढलेल्या फोटोत वरचा मजला आक्रसतो, आणि दारासमोर गाडी उभी असली तर दारच गायब. सकाळी रस्ता रिकामा असतो, पण ऊन एकाच रांगेवर. दुसरीसाठी दुपारी परत यायचं.

पाठमोऱ्या रांगेची नावं ती छपरांवर लिहिते. उताराच्या छपरावर अक्षरंही उतारासारखी तिरकी बसवायची. नाव लांब आणि छप्पर अरुंद असलं, की अर्धा दिवस त्यातच जातो.

नकाशा छापून होईपर्यंत पेठ काही थांबत नाही. पाटी बदलते, रंग बदलतो, एखादं शटर कायमचं खाली येतं. या बाबतीत व्हेनिसचं उदाहरण अजब आहे. चित्रकार याकोपो दे बार्बारीनं रेखाटलेलं, १५०० साली सहा लाकडी ठशांवरून छापलं गेलेलं ते शहराचं अवाढव्य चित्र. त्यात सेंट मार्क चौकातल्या घंटाघराला टोक नाही. वीज पडून ते जळालं होतं, वर तात्पुरतं सपाट छप्पर होतं. तेच कोरलं गेलं. पुढे मनोऱ्याला नवं टोकदार शिखर आलं, तशी ठशातही दुरुस्ती झाली. आणि नंतरच्या एका छपाईत ते शिखर काढून पुन्हा जुनं सपाट छप्पर! अद्ययावत मनोऱ्यापेक्षा १५००चाच मनोरा कुणाला तरी हवासा वाटला होता.

आता हे काम टॅब्लेटवर होतं, प्रत्येक दुकान वेगळ्या लेयरवर. एक काढा, दुसरं बसवा. पण जुना लेयर ती पुसत नाही, नुसता बंद करून ठेवते.

(दृश्य : दुकानांच्या मागची अरुंद गल्ली.)

समोरचं काम संपलं, की ती मागच्या गल्लीत शिरते. इथे कुणी पाटी लावत नाही, रंगही देत नाही. पण नकाशात याच भिंती सगळ्यात पुढे, वाचणाऱ्याच्या अगदी नाकासमोर येणार आहेत. अंदाजानं चार चौकटी काढून भागलं असतं. खूप जण तसंच करतात. ही मात्र उकिडवी बसते आणि वहीत उतरवून घेते : भिंतीला वेढे घालत गेलेला लोखंडी जिना, छपरावरची टाकी, विटांनी बुजवलेली एक जुनी खिडकी, जिच्या कमानीची रेघ अजून दिसते.

ती बुजवलेली खिडकीही ती मोजते.