डोकं तुटलेला स्क्रू

नमस्कार मंडळी. आज बोलायचं आहे ते बोटाच्या पेराएवढ्या एका लोखंडाच्या तुकड्याबद्दल. गाडीच्या नंबर प्लेटचा स्क्रू, आणि तोही डोकं तुटून आत अडकून बसलेला.

निमित्त झालं नव्या प्लेटचं. 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदलेल्या गाड्यांनाही आपल्या राज्यात एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, सक्तीची झाली. मुदत लांबत गेली, तसा मीही लांबवत गेलो. माझी गाडी जुनी, एमएच 29, म्हणजे यवतमाळची. प्लेट बसवायच्या आदल्या दिवशी म्हटलं, जुनी घरीच काढून ठेवू. डब्यातला जुना पेचकस घेतला, टोक झिजलेलं, आणि लावला जोर. पेचकस दोनदा घसरला. तिसऱ्यांदा 'कट्' असा आवाज आला आणि स्क्रूचं डोकं माझ्या पायाशी पडलं.

आमच्या गल्लीत ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक पोरगा आहे. तो समोरून चालला होता. थांबला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे काय करून राह्यले तुम्ही? त्याले आधी तेल पाजा लागते ना!"

खरं होतं त्याचं. आपल्याकडची गाडी पांदणीतून जाते. पावसाळ्यात काळी माती प्लेटच्या मागे थापली जाते आणि वरून वाळली तरी आत ओल धरून राहते. स्क्रूवरचा जस्ताचा मुलामा गेला की लोखंड गंजायला लागतं. आणि गंज म्हणजे नुसता रंग नव्हे. जेवढं लोखंड गंजलं, त्याच्या दुपटीहून जास्त जागा तो गंज घेतो. आट्यांमध्ये तेवढी जागा असते कुठे? स्क्रू आतल्या आत आवळला जातो. म्हणून बाहेरून धडधाकट दिसणारा स्क्रू मानेतून पिचकन तुटतो.

पण एक गोष्ट त्या पोराने दाखवली, ती मला सुचली नसती. डोकं तुटलं म्हणजे प्लेट मोकळी झाली! दुसरा स्क्रू काढून प्लेट ओढून घेतली, तर तुटलेल्या स्क्रूचं दोन-तीन मिलिमीटरचं खुंट बाहेर आलेलं दिसलं. ते खुंट म्हणजे आपली पकडायची जागा. घाई करून ते कानशीने घासून सपाट करू नका, मग हाती काही लागत नाही.

खुंटावर गंज सोडवणारा स्प्रे मारला. तो नसेल तर डिझेलचे चार थेंबही चालतात, फक्त रंगावर आणि रबरावर ओघळलेलं पुसून घ्या. मग हातोडीने हलके हलके ठोके, जेणेकरून आट्यांतला गंज भेगाळेल आणि तेल आत जाईल. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी लॉक होणारी पक्कड आवळून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने फिरवलं, मग सैल. घट्ट, सैल, पुन्हा थोडं तेल. पाव फेरा हलला की अर्धी लढाई जिंकली. खुंट पुरेसं असेल तर आरीच्या पात्याने त्यावर खाच पाडून सपाट पेचकसही लावता येतो.

दुसऱ्या बाजूची गंमत वेगळीच. तिथे आत धातूचा नट नव्हताच, प्लास्टिकची गुल्ली होती. स्क्रूसोबत ती पण गोल गोल फिरत राहते. अशा वेळी स्क्रूला थोडं बाहेर ओढून धरत फिरवायचं. नाहीच जमलं तर डिकीचं आतलं अस्तर काढून मागून गुल्ली धरायची. गुल्ली गेली तरी दुःख करू नका, ती स्वस्तात मिळते.

आणि स्क्रू अगदी सपाट तुटला असेल तर? मग ड्रिल. आधी पंचाने बरोबर मध्यावर खूण करा. खूण सरकली की भोक तिरकं जातं आणि आटे खाल्ले जातात. 6 मिलिमीटरचा स्क्रू असेल तर 3 मिलिमीटरच्या बिटने, हळू वेगाने सुरुवात करा. उलटा फिरणारा बिट मिळाला तर उत्तम, कधी कधी तोच स्क्रूला बाहेर घेऊन येतो. इझी-आउट, म्हणजे त्या भोकात घालून तुटका स्क्रू उलटा फिरवून काढायचं हत्यार, वापरणार असाल तर हात जपून. ते कडक पोलादाचं असतं. आत तुटलं की त्याच्यावर साधा ड्रिल चालत नाही, आणि मग गावात नाही, शहरात जावं लागतं. मी तर म्हणेन, इथपर्यंत गाडं आलं असेल तर मेकॅनिककडेच न्या. ड्रिल धरण्याआधी बिटवर टेप गुंडाळा, कारण मागे प्लेटच्या दिव्याची वायर असते. किती खोल जायचं ते टेप सांगतो. डोळ्यांना चष्मा हवाच.

एक मात्र करू नका. आगीचं हत्यार, म्हणजे गॅस कटर किंवा ब्लो लॅम्प, मागच्या बाजूला आणू नका. बंपर प्लास्टिकचा, टाकी जवळ, काहींच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर. ट्रॅक्टरवर चालतं ते कारवर चालत नाही.

स्क्रू निघाल्यावर भोकातला चुरा झटकून उघड्या पत्र्यावर रंगाचा एक हात मारला, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. नव्या प्लेटसाठी स्नॅप लॉक असतं, ते एकदाच बसतं आणि पुन्हा खोलण्यासाठी नसतं. ती प्लेट घरी काढायला जाऊ नका. जुनी स्क्रूवाली प्लेट मात्र अजून तुमच्या गाडीवर असेल, तर आज रात्रीच तेल टाकून ठेवा. नमस्कार.